पेटी उत्तम, झाकण फसवं: 'पेशी ते परिसंस्था' स्लाइडसंच आणि सोबतचा मायक्रोस्कोप

आधी निकाल सांगून टाकते: संच घ्या, झाकणावरचं चित्र मात्र मनावर घेऊ नका.

झाकणावर एक शिडी छापली आहे. तळाला रेणू, मग पेशी, ऊती, अवयव, इंद्रियसंस्था, सजीव, जीवसंख्या, समुदाय, परिसंस्था आणि टोकाला जीवावरण. प्रत्येक पायरीवर एक गोजिरं चित्र. पेटी उघडली की आत खाचा पाडलेले पाच कप्पे, आणि शिडीतली पाच नावं त्या कप्प्यांना दिलेली: पेशी, ऊती, अवयव, सजीव, परिसंस्था. एकूण पन्नास तयार स्लाइड्स, चार ऑब्जेक्टिव्हचा, म्हणजे स्लाइडकडच्या चार भिंगांचा (४, १०, ४० आणि १०० एक्स, एक्स म्हणजे पट), साधा मायक्रोस्कोप आणि एक पुस्तिका. कंपनीचं नाव देत नाही. हाच माल वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत मिळतो, त्यामुळे नावाने तुमचं काही अडणार नाही.

संच आणला भाचीसाठी, पण वापर माझाच जास्त होतोय. माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली. मेणात बसवलेल्या ऊतींचे ब्लॉक लावायचे, मायक्रोटोम या कापयंत्रावर चार-पाच मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सेक्शन म्हणजे पातळ काप कापायचे, रंगवायचे, कव्हरस्लिप बसवायची आणि ट्रे डॉक्टरांपुढे ठेवायचा. त्यामुळे दुसऱ्याने केलेली स्लाइड हातात आली की आधी उजेडाकडे धरून खोट शोधायची खोड आहे. पुढचं वाचताना तेवढं लक्षात असू द्या.

दर्जा सरसकट एक नाही. कंकाल स्नायूची स्लाइड फार सुंदर झाली आहे, आडवे पट्टे ४० एक्सवर स्वच्छ उठून दिसतात. मूत्रपिंडाचीही उत्तम. लहान आतड्याच्या सेक्शनवर मात्र एक सरळ रेघ आरपार गेली आहे. ब्लेडला खाच पडलेली असताना तशीच रिबन, म्हणजे सेक्शनची सलग पट्टी, ओढली की असं होतं. ब्लेड थोडं सरकवलं असतं तरी भागलं असतं. फुप्फुसाचा सेक्शन एका कडेला दुमडलाय. हिमॅटॉक्सिलिन हा रंग नीट बसलाय, केंद्रकं निळी-जांभळी खुलून दिसतात, पण इओसिन या गुलाबी रंगाला कुणी धरबंद ठेवलेला नाही, त्यामुळे केंद्रक सोडून बाकी सगळं एकाच भडक गुलाबी रंगात. वनस्पतींचे छेद सॅफ्रॅनिन आणि फास्ट ग्रीनमध्ये रंगवलेत, त्यांना नाव ठेवायला जागा नाही. मक्याच्या खोडात जलवाहिन्यांच्या जाड भिंती लाल आणि आजूबाजूच्या पातळ भिंतीच्या पेशी हिरव्या, बघत बसावं असं.

चीड आली ती लेबलांची. 'किडनी' एवढाच शब्द. कुठल्या प्राण्याची, छेद उभा की आडवा, रंग कोणते, काही म्हणजे काही नाही. लॅबमध्ये असं लेबल लावून स्लाइड पुढे पाठवली असती तर संध्याकाळपर्यंत बोलणी खावी लागली असती.

आता त्या शिडीकडे येते. मूत्रपिंड 'अवयव' कप्प्यात, अभिस्तर ऊती 'ऊती' कप्प्यात, गालाच्या पेशी 'पेशी' कप्प्यात. हे असं वेगवेगळं रचून दिलं की मुलांच्या डोक्यात पेशी ही एक वस्तू, ऊती ही दुसरी आणि अवयव ही तिसरी असं बसतं. प्रत्यक्षात त्या तिन्ही पायऱ्या त्या एकाच मूत्रपिंडाच्या स्लाइडवर, एकाच जागी, एकमेकींच्या पोटात आहेत. माझा सल्ला असा, की पहिल्या दिवशी पेटीतली ती एकच स्लाइड बाहेर काढा आणि बाकीच्यांना हात लावू नका.

आधी ४ एक्स लावा. घाईघाईने ४० वर उडी मारायचा मोह सगळ्यांनाच होतो, मुलांना तर फारच. डोळा लावायच्या आयपीसवर १८ हा आकडा कोरलेला आहे, तो क्षेत्राचा आकडा. त्याला ऑब्जेक्टिव्हच्या आकड्याने भागलं की डोळ्यांपुढच्या गोलाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. म्हणजे ४ एक्सवर साडेचार मिलिमीटर, १० वर १.८ आणि ४० वर जेमतेम ०.४५. पुस्तिकेत हे कुठेही सांगितलेलं नाही. तिथे नुसतं '४०० पट मोठं' असं लिहिलंय, त्याचा उपयोग शून्य. किती पट मोठं दिसतं यापेक्षा आपण केवढ्या जागेकडे बघतोय हे कळलं पाहिजे.

तर साडेचार मिलिमीटरच्या त्या गोलात पेशी दिसतच नाहीत. दिसतात दोन प्रदेश. बाहेरच्या कॉर्टेक्समध्ये गोल ठिपके विखुरलेले. आतल्या मेड्युलामध्ये ठिपका एकही नाही, नुसत्या समांतर रेघा, सगळ्या एकाच दिशेने खाली उतरणाऱ्या. १० वर गेलात की त्यातला एकेक ठिपका म्हणजे केशवाहिन्यांचा गुंता निघतो, भोवती पांढरी पोकळ कड. तो ग्लोमेरुलस, रक्त गाळणारी चाळणी. त्याच्या आजूबाजूला नळ्यांचे तुकडे, कुणी आडवी कापलेली, कुणी तिरपी. ४० वर त्या नळ्यांची भिंत दिसते, एकाच थराची. ग्लोमेरुलसजवळच्या बऱ्याच नळ्यांच्या पेशी जाड आणि गडद गुलाबी, आतल्या कडेला धुरकट झालर असलेल्या. त्यांच्या अधूनमधून फिकट, मोकळ्या पोकळीच्या नळ्या. झालर धुरकट का? कारण ती सूक्ष्म बोटांची आहे आणि प्रत्येक बोट साधारण ०.१ मायक्रॉन जाडीचं. साध्या प्रकाशाने सुमारे ०.२ मायक्रॉनपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसतच नाहीत. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी ही मर्यादा १८७३ मध्येच दाखवून दिली होती. असा साध्या प्रकाशाचा मायक्रोस्कोप कितीही महागाचा घ्या, ती झालर धुरकटच राहणार.

हे सगळं बघून झाल्यावर भाचीने विचारलं, "मावशी, मग लघवी दाट करणारी पेशी यातली कुठली?"

प्रश्न झकास होता आणि पुस्तिकेत त्याला उत्तर नाही. कारण अशी पेशी नाही. माणसाची दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातून दीड-दोन लिटर मूत्र बाहेर पडतं. बाकी सगळं परत रक्तात. हे काम करायला एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे ग्लोमेरुलस आणि त्याला जोडलेली नळी. त्यांच्यातली नळी मेड्युलात खाली उतरते, वळते आणि तशीच शेजारून वर येते. वर येणाऱ्या भागातल्या पेशी क्षार बाहेर टाकतात पण पाणी सोडत नाहीत. खाली जाणाऱ्या भागातून पाणी सहज निघून जातं. दोन प्रवाह शेजारी-शेजारी आणि उलट दिशांना, त्यामुळे प्रत्येक पातळीवरचा थोडा-थोडा फरक साठत जातो आणि मेड्युलात जितकं खोल जावं तितका भोवतालचा द्रव खारट होतो. मूत्र वाहून नेणारी नळी शेवटी त्या खारट भागातून जाते आणि तिथे तिच्यातलं पाणी बाहेर ओढलं जातं. पेशी त्याच ठेवा, क्षार बाहेर टाकणारे त्यांचे पंप तेच ठेवा, फक्त त्या नळ्या सरळ रेषेत उलगडून मांडा. मूत्र दाट व्हायचं बंद होईल.

म्हणजे तिच्या प्रश्नाचं उत्तर ४० एक्सवर नाहीच. ते ४ एक्सवर आहे, त्या समांतर रेघांमध्ये. वाळवंटातल्या कांगारू उंदराचं मेड्युला मूत्रपिंडाच्या मानाने फार लांब असतं, आणि ते कळायला तर भिंगसुद्धा लागत नाही, मूत्रपिंड मधोमध कापून नुसत्या डोळ्यांनी बघितलं तरी पुरतं. शिडीवर वर चढताना नुसता आकार वाढत नाही, खालच्या पायरीवर ज्याचा मागमूसही नव्हता असं काहीतरी नवं सुरू होतं. ही एक गोष्ट दाखवायला ही एक स्लाइड पुरेशी आहे आणि म्हणूनच पेटीचे पैसे माझ्या दृष्टीने तिथेच वसूल झाले.

मोजमापासाठी एक युक्ती. 'पेशी' कप्प्यात रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला पातळ थर, आहे. माणसाची तांबडी पेशी साडेसात मायक्रॉनच्या आसपास. ४० एक्सच्या गोलात अशा पेशी व्यासावर ओळीने मांडल्या तर साधारण साठ मावतील. लॅबमध्ये आम्ही सेक्शनमधल्या कुठल्याही गोष्टीचा अंदाज शेजारच्या आरबीसींवरूनच, म्हणजे तांबड्या पेशींवरूनच घ्यायचो. सेक्शन करताना त्या थोड्या आक्रसतात हे खरं, तरी अंदाजाला चालतात. माणसाचा ग्लोमेरुलस ०.२ मिलिमीटरच्या घरात असतो. या स्लाइडवरचा बराच लहान भरला, म्हणजे मूत्रपिंड एखाद्या छोट्या प्राण्याचं असावं. लेबलावर दोन शब्द जास्त लिहिले असते तर ही उठाठेव वाचली असती.

नळ्या, घड्या आणि केशवाहिन्या एवढ्या कशाला, हेही या पेटीतून छान दाखवता येतं. रेणू आपोआप पसरत जातात, पण अंतर दहापट झालं की पसरायला वेळ शंभरपट लागतो. पेशीच्या आत हे ठीक चालतं. सेंटिमीटरभर अंतराला मात्र प्राणवायू तासन् तास लावेल. त्यामुळे जाडजूड शरीरात बहुतेक पेशींपासून एक-दोन दशांश मिलिमीटरच्या आत केशवाहिनी असावीच लागते. आतड्याची स्लाइड (रेघ सोडून) आणि फुप्फुसाची स्लाइड (दुमड सोडून) एकापाठोपाठ बघा: दोन्हीकडे थोड्या जागेत भरपूर पृष्ठभाग कोंबायचा उद्योग चाललाय, एकीकडे बोटांसारखे उंचवटे काढून, दुसरीकडे पोकळ्यांची जाळी करून.

आता कप्प्यांची फजिती जिथे होते त्या स्लाइड्स. मला त्याच जास्त आवडल्या.

तांबडी पेशी 'पेशी' कप्प्यात आहे, पण माणसाच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं आणि ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकाही (मायटोकॉन्ड्रिया) नसतात. ती स्वतःची दुरुस्ती करू शकत नाही, विभागू शकत नाही, साधारण १२० दिवसांत मोडीत निघते. तरी आपल्या शरीरातल्या सुमारे ३० लाख कोटी पेशींपैकी बहुतांश याच. उलट बाजूला स्नायूची स्लाइड: तिथला एकेक लांब धागा म्हणजे कित्येक पेशी एकत्र मिसळून झालेला, कडेने रांगेत केंद्रकंच केंद्रकं. त्याला एक पेशी म्हणायचं, तर एका पेशीला एक केंद्रक हे पुस्तकातलं गणित गेलं.

पॅरामेशियम हा एकपेशीय जीव, बिचारं 'पेशी' कप्प्यात टाकलंय. रंगवलेल्या स्लाइडवर त्याचं मोठं केंद्रक ठसठशीत दिसतं, लहान केंद्रक शोधावं लागतं. पण ती नुसती पेशी कुठे आहे? खाते, पोहते, अडथळा आला की मागे सरकून दिशा बदलते, पाणी जास्त झालं की उपसून बाहेर टाकते. पूर्ण सजीव आहे तो, त्याला 'सजीव' कप्प्यात जागा का नाही? आणि नुसता सजीवही नाही. १९३४ साली गाऊझे या रशियन शास्त्रज्ञाने पॅरामेशियमच्या दोन जाती वेगवेगळ्या वाढवल्या तेव्हा दोन्ही छान वाढल्या. एकत्र वाढवल्या तेव्हा एक जात हळूहळू संपली. हे त्याला एका पॅरामेशियमकडे कितीही टक लावून बघून कळलं नसतं. त्यासाठी रोज मोजदाद करावी लागली. पेशी, सजीव, जीवसंख्या, तिन्ही पायऱ्यांवर हा एकच जीव उभा आहे.

'सजीव' कप्प्यातली व्हॉल्वॉक्स या हिरव्या शैवालाची स्लाइड अशीच. पोकळ गोल, पृष्ठभागावर शेकडो-हजारो बारीक पेशी आणि आत काही मोठे हिरवे गोळे. त्या बारीक पेशी पोहायचं काम करतात. मोठे गोळे म्हणजे पुढची पिढी. व्हॉल्वॉक्स कार्टेरी या जातीत पोहणाऱ्या पेशी दोन हजारांच्या आसपास आणि पुनरुत्पादन करणाऱ्या साधारण सोळा. पिल्लं बाहेर पडली की पोहणाऱ्या पेशी मरतात. वसाहत म्हणा, सजीव म्हणा, दोन्ही चालेल. स्लाइडवर तो गोल चपटा झालाय, हे नाइलाजाचं. जमलं तर जिवंत बघा, गडगडत जातो.

स्पंज या पाणप्राण्याचा छेद रंगाने फिका, पण गोष्ट मोठी. प्राणिशास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यांनी १९०७ मध्ये जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला. पेशी सुट्ट्या झाल्या, आणि काही काळाने त्या आपापल्या एकत्र येऊन पुन्हा स्पंज तयार झाले. हा प्रकार मूत्रपिंडाशी करून बघायची सोय नाही. शिडीवरून उतरून परत चढता येतं का, याचं उत्तर प्राण्याप्राण्यागणिक वेगळं, एवढं मुलांना सांगायला ती फिकी स्लाइडही पुरते.

या कप्प्यात एक उणीव मला सारखी बोचते. सी. एलिगन्स हा मिलिमीटरभर लांबीचा पारदर्शक कृमी संचात दिलेलाच नाही. त्याच्या प्रौढ उभयलिंगी प्राण्यात शरीरपेशी ९५९, ना एक कमी ना एक जास्त. वाढीच्या काळात १०९० तयार होतात आणि त्यातल्या १३१ ठरलेल्या वेळी मरतात. कोणती पेशी कोणापासून झाली याची पूर्ण वंशावळ शास्त्रज्ञांनी मायक्रोस्कोपला डोळा लावून काढली आहे. पेशी ते सजीव हा रस्ता इतका नीट दुसरीकडे कुठे दिसणार? त्याऐवजी कंपनीने पिसवेच्या पायाची स्लाइड दिली आहे. असो.

'परिसंस्था' कप्प्याबद्दल काय बोलावं! परिसंस्था काचपट्टीवर येत नाही. त्यात पाण्याचा प्रवाह लागतो, ऊन लागतं, कोण कोणाला खातं आणि मेल्यावर त्याचं काय होतं हे लागतं. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्स्ले यांनी १९३५ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा सजीवांसोबत निर्जीव परिस्थितीही त्यातच धरायची, हाच त्यांचा आग्रह होता. इथे तळ्याच्या पाण्यातले रंगवून सुकवलेले चार-पाच जीव एका कव्हरस्लिपखाली ठेवलेत आणि खाली लेबल 'परिसंस्था'. जीवसंख्या आणि समुदाय या पायऱ्या तर झाकणावरच राहिल्या, आत त्यांचा पत्ताच नाही.

गंमत म्हणजे पेटीतल्या सर्वांत चांगल्या स्लाइड्सपैकी दोन याच कप्प्यात निघाल्या. पहिली, शेंगवर्गीय झाडाच्या मुळावरची गाठ. मधल्या पेशी फुगलेल्या आणि आत खचाखच भरलेल्या, बाहेरच्या मात्र रिकाम्या वाटाव्यात अशा. ते भरलेलं म्हणजे रायझोबियम जीवाणू, हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल असा करून देणारे. हे काम करणाऱ्या त्यांच्या विकराला (एन्झाइमला) प्राणवायू सोसत नाही, म्हणून झाड तिथे आपल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलं एक प्रथिन भरतं, ते प्राणवायू धरून ठेवतं. ताजी गाठ नखाने फोडलीत तर आत गुलाबी दिसेल, ते त्याच्यामुळे. वनस्पतीच्या पेशीत जीवाणू, आणि दोघांच्या सोयीची खोली वनस्पतीने बांधलेली. ही स्लाइड कुठल्या पायरीवर ठेवायची ते कंपनीलाच विचारावं.

दुसरी, दगडफुलाचा छेद. हिच्या जोडीला 'अवयव' कप्प्यातला पानाचा छेद काढा आणि दोन्ही १० एक्सवर आलटून-पालटून लावा. पानात वर बाह्यत्वचा, खाली खांबासारख्या उभ्या हरित पेशी, त्याखाली मोकळ्या जागा सोडून विखुरलेल्या पेशी. दगडफुलात वर बुरशीच्या धाग्यांची घट्ट विणलेली साल, तिच्या लगेच खाली हिरव्या गोल पेशींचा थर, त्याखाली सैल धाग्यांचा मोकळा भाग. लेबल झाकून दाखवलंत तर नवशिका गडबडतो. आणि दगडफुलात ती साल बुरशीची, हिरव्या पेशी शैवालाच्या. दोन निराळे जीव, ऊती म्हणावी अशी चीज त्यात नाहीच. तरी उजेड वरून येतो आणि हवा आत खेळती हवी, या दोन अटींनी दोघांकडूनही साधारण तीच मांडणी करून घेतली. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये दगडफूल म्हणजे दोन जीवांचा संसार आहे असं सांगितलं, तेव्हा दगडफुलांच्या कित्येक जाणकारांना ते पटलं नव्हतं. एक वनस्पती म्हणून ज्याचा आयुष्यभर अभ्यास केला, त्याचे असे दोन तुकडे होताना कुणाला बघवेल?

आता मायक्रोस्कोप. दिवा एलईडीचा, पांढरा आणि स्थिर, तापत नाही. कंडेन्सर (स्लाइडवर उजेड एकवटणारं भिंग) वरखाली होतो आणि खाली आयरिस डायफ्रॅम, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची झडप, आहे. ही सोय नसलेला संच घेऊच नका. डायफ्रॅम सताड उघडा ठेवायची सवय मुलांना लागते, मग गालाच्या न रंगवलेल्या पेशी दिसत नाहीत आणि दोष स्लाइडला. थोडा मिटवा, कडा लगेच उठतात. आयपीसमध्ये बारीक सुई आहे, तिचं मोल एकट्याने बघणाऱ्याला कळणार नाही. "त्या सुईच्या टोकाची पेशी" म्हटलं की दोघांची नजर एकाच जागी जाते. स्लाइड ठेवायच्या स्टेजचं चाक उलटं फिरवलं की क्षणभर काहीच हलत नाही, मग एकदम स्लाइड सरकते; ४ आणि १० वर खपून जातं, ४० वर वैताग येतो. बारीक फोकस मात्र मऊ.

४० एक्सच्या ऑब्जेक्टिव्हचं टोक स्प्रिंगचं आहे, स्लाइडला टेकलं तर आत दबतं, तेवढं बरं. तरी हायड्रा, व्हॉल्वॉक्स, पिसू अशा अख्ख्या जीवांच्या जाड स्लाइड्सवर ४० लावू नका. तिथे १० हीच सीमा.

१०० एक्सचं ऑब्जेक्टिव्ह तेलाशिवाय चालत नाही आणि संचात तेलाची जी कुपी येते ती नमुन्यापुरती. जीवाणूंची स्लाइड आणि रक्ताचा स्मिअर या दोनच ठिकाणी त्याचा खरा उपयोग, बाकी ते जाहिरातीत '१००० पट' लिहायला दिलेलं. वापरलंत तर लगेच लेन्सच्या कागदाने पुसा. वाळलेलं तेल काढताना मी भल्याभल्यांना रडकुंडीला आलेलं पाहिलंय.

पुस्तिका कागदाच्या दर्जाने छान, मजकुराने पातळ. त्यातली छायाचित्रं या स्लाइड्सची नाहीतच, कुठल्या तरी भारी मायक्रोस्कोपवरची आहेत. एकाही चित्राखाली मापाची पट्टी नाही. पॅरामेशियम आणि जीवाणू शेजारी-शेजारी एकाच आकाराचे छापलेत, जेव्हा एक दुसऱ्याच्या शंभरेक पट लांब असतो. आकारमानांवर बेतलेल्या संचात ही चूक मला अक्षम्य वाटली. भाचीने त्या पानावर पेन्सिलीने खरा आकार काढायचा प्रयत्न केला. पॅरामेशियम जेवढं छापलंय तेवढंच ठेवलं तर जीवाणू पेन्सिलीच्या टोकाखालीच हरवतो.

कोणी घ्यावा? ज्याच्या घरी किंवा वर्गात शेजारी बसून बघणारं मोठं माणूस आहे त्याने जरूर. नुसता मुलाच्या हातात दिलात तर तो पहिल्या आठवड्यात पन्नासही स्लाइड्स ४० वर बघून टाकेल आणि सगळं गुलाबी होतं एवढंच सांगेल. ज्यांच्याकडे मायक्रोस्कोप आधीच आहे त्यांनी नुसती पेटी घ्यावी, वेगळी मिळते. स्लाइड्स कायम आडव्या ठेवा, उन्हापासून दूर. इओसिन उडायला वेळ लागत नाही, या संचात ते ज्यादा ओतलंय म्हणून चार वर्षं जास्त टिकेल इतकंच.

दुमडलेल्या फुप्फुसाबद्दल विक्रेत्याला कळवलं, त्याने कुरकुर न करता दुसरी स्लाइड पाठवली आणि जुनी परत मागितली नाही. नवीन स्लाइड लावली तर सेक्शन त्याच ब्लॉकमधला, रिबनवर थोडा पुढचा. जुन्यात जी श्वासनलिका अखंड गोल होती तिला नव्यात एका बाजूला फाटा फुटायला लागलाय. आता त्या दोन्ही स्लाइड्स पेटीत शेजारच्या खाचांत आहेत आणि भाची ट्रेसिंग कागदावर एकावर एक काढून तो फाटा कुठे जातो ते शोधते आहे. तुमच्याही पेटीत एखादी स्लाइड खराब निघाली तर बदलून जरूर मागा, फक्त जुनी टाकून देऊ नका.